हंडीतला फोन

“काका, फोन तुमचाच लागणार बरं का,” मॅडम म्हणाल्या. “माझा ठेवून बघितला मी. हंडीत उभा राहत नाही आणि आडवा ठेवला तर मागच्या बाकांवरून काही दिसत नाही.”

काका काचेच्या हंडीच्या कडेला ग्रीस लावत होते. त्यांचं बोट तिथंच थांबलं. गेले पंधरा दिवस ते हे वाक्य टाळत होते आणि शेवटी ते आलं ते असं, चहाचा कप मागावा तितक्या सहज. मॅडमचा तरी काय दोष? त्यांना कॉलेजात येऊन पुरते तीन महिनेही झाले नव्हते. त्यांना कोण सांगणार? आणि सांगण्यासारखं जे होतं, ते काकांशिवाय माहीत होतं कुणाला?

“विजेची घंटा आहे की, मॅडम. कपाटात आहे.”

“तिच्या वायरीपाशी हवा गळते, असं तुम्हीच लिहून ठेवलंय वहीत. आणि आधीच्या सरांनी मला इतकं सांगितलंय तुमच्या फोनबद्दल! म्हणाले, काकांचा तो प्रयोग बघितल्याशिवाय पोरांच्या डोक्यात लहरी शिरतच नाहीत.”

झालं. आपल्याच अक्षरातल्या नोंदीनं आपलीच वाट अडवली. काका “बरं” म्हणाले. या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं त्यांनी दुसरं म्हटलं होतं काय? सर आले, सर गेले, मॅडम आल्या, त्यांच्या जागी दुसऱ्या आल्या; प्रत्येकाची शिकवायची तऱ्हा निराळी, आणि प्रत्येकाला काकांचं उत्तर एकच. तारा जोडून ठेवा. बरं. भिंगं पुसून ठेवा. बरं. पोरं त्यांना हंडीकाका म्हणायची. पाठीमागे नाही, चक्क तोंडावर. काकांना त्याचा राग नव्हता. उलट पंपवाले काका किंवा कपाटवाले काका होण्यापेक्षा हे बरं, असं ते म्हणायचे.

तर त्या हंडीचं असं आहे. जाड काचेची, गुडघ्याएवढी उंच, वरून गोल आणि खालून उघडी अशी ती एका लोखंडी तबकडीवर पालथी घालायची. कडेला ग्रीस, म्हणजे फटीतून हवा शिरायला नको. तबकडीच्या मधोमध भोक, भोकाला नळी, नळीला पंप. पंप सुरू केला की आतली हवा बाहेर. आत वाजणारी एखादी वस्तू ठेवली, तर हवा संपत जाते तसा तिचा आवाज बारीक होत होत नाहीसा होतो, कारण आवाजाला जायला हवा लागते. इतकं तर शाळेतही शिकवतात. पण आवाज मेला तरी वस्तू दिसतच राहते, कारण उजेडाला हवा लागत नाही, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. इतकं ढळढळीत समोर असतं की कोण बघतो!

मोबाइल आले तेव्हा आधीच्या सरांना एक भन्नाट कल्पना सुचली. घंटेऐवजी फोन ठेवायचा. काकांचा तो बटणांचा फोन, बोटभर स्क्रीनचा, पण वाजला की तीन वर्गांत ऐकू जाणारा. स्वयंपाकघरात भांडी घासायला असतो तसला स्पंजचा तुकडा तबकडीवर ठेवायचा, नाहीतर फोनची थरथर लोखंडातून बाहेर येते. त्यावर फोन उभा. हवा काढायची, झडप बंद करायची, पंपही बंद करायचा, सगळीकडे चिडीचूप झालं की बाहेरून फोन लावायचा. आवाज शून्य! पण स्क्रीनवर उजेड येतो, नाव येतं. म्हणजे फोनला बोलावणारी लहर काचेतून, आतल्या पोकळीतून फोनपर्यंत पोचली आणि उजेड बाहेर आला. अडकला तो फक्त आवाज.

“पण बाहेरून फोन कोण लावणार?” सरांनी विचारलं होतं. “माझा लावला तर पोरं म्हणतील सरांनीच काहीतरी चलाखी केली. लांबून यायला हवा.”

“घरून करायला सांगतो,” काका म्हणाले होते.

आणि अशी काकूंची नेमणूक झाली. दर वर्षी दुसऱ्या सत्राच्या पहिल्या गुरुवारी, बरोबर साडेअकराला काकूंनी फोन लावायचा, पुरता वाजू द्यायचा आणि ठेवून द्यायचा. पलीकडून कुणी उचलणार नाही, हे ठरलेलंच. काकूंना त्याची कोण मौज! साडेदहापासून केस विंचरून घड्याळासमोर बसायच्या, जसं काही ती पोरं यांनाच बघणार होती. “लोकांच्या बायका नवऱ्यानं उचलावा म्हणून फोन करतात,” त्या म्हणायच्या, “माझंच नशीब असं की न उचलण्यासाठी करायचा.” लेक तेव्हा लग्न होऊन लांबच्या शहरात गेलेली. तिला दोघांनी यातलं काही सांगितलं नव्हतं. “म्हातारपणी काय ही थेरं, म्हणेल,” काकू म्हणायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. सात वर्षं हे चाललं. सात वर्षांत एकदाही अकरा एकतीस झाले नाहीत.

मागच्या वर्षी त्या गुरुवारी सकाळी काकूंच्या छातीत जळजळत होतं.

“पित्त असेल,” काका बूट घालता घालता म्हणाले. “आज राहू दे फोनचं. पडून राहा. मी सरांना सांगतो.”

“वा! आणि मी नाही केला तर कोण करणार? पोरं ताटकळतील बिचारी.”

काका गेले. त्यांनी हंडी मांडली, फोन ठेवला, हवा काढली. मनात आपली धाकधूक की आज फोन येतो की नाही. आणि साडेअकराला स्क्रीन उजळला. ‘घर’. पोरांनी टाळ्या वाजवल्या. काकांच्या छातीवरचं ओझं उतरलं. म्हणजे बरं वाटतंय तिला, फोन करण्याइतकं बरं वाटतंय! सर फळ्याकडे वळून लहरी काढू लागले. सात-आठ मिनिटांनी स्क्रीन पुन्हा उजळला. ‘घर’.

काकू दुसऱ्यांदा कधीच फोन करायच्या नाहीत. हे काकांइतकं कुणाला माहीत होतं? पण त्या वेळी त्यांना एवढंच वाटलं की बाईसाहेब आज रंगात आल्या आहेत. ते हसले आणि पोरांना म्हणाले, “बघा, आमच्या घरच्यांना आज दुप्पट हुक्की आलीय.” वर्ग खिदळला. सरही हसले. “ज्यांना मघाशी दिसलं नाही त्यांनी आता बघून घ्या,” सर म्हणाले, आणि मागच्या बाकांवरची पोरं उठून हंडीभोवती गोळा झाली. स्क्रीन उजळत राहिला आणि मग विझला.

तास संपल्यावर काकांनी झडप उघडली. हवा हळूहळू सोडावी लागते, एकदम सोडली तर आतली वस्तू उडते. हवा आत शिरायला लागली आणि हंडीतून बारीक किणकिण येऊ लागली, वाढत गेली, वाढत गेली, शेवटी नेहमीसारखी कर्कश झाली. तिसरा फोन चालू होता. तो शेजारीणबाईंचा होता.

काकू गेल्याचं कळून लेक आली, तिनं आईच्या फोनमधले दोन फोन बघितले, अकरा तीसचा आणि अकरा अडतीसचा, आणि रडून सुजलेल्या डोळ्यांनी विचारलं, “बाबा, तुम्ही उचलला का नाहीत?”

“पंप चालू होता गं,” काका म्हणाले. “ऐकू आला नाही.”

ऐकू आला नाही, हे तर खरंच होतं. त्यात काडीचं खोटं नव्हतं. आणि त्या खऱ्याच्या आड काका गेलं वर्षभर लपून बसले होते.

लेकीनं त्यांना कधी टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं! तिनं त्यांना जवळ घेतलं. म्हणाली, “तुमची काही चूक नाही, बाबा. ऐकूच आला नाही तर माणूस काय करणार?” आणि तेव्हापासून दर रविवारी सकाळी दहाला तिचा फोन यायचा. आठवड्यात काकांना येणारा तो एकच फोन. बाकी दिवस घरी गेलं की कुलूप उघडायचं, दिवा लावायचा, एका माणसाचं रांधायचं, एका माणसाचं ताट धुवायचं. कधी कधी शुक्रवारी संध्याकाळी बोललेला शब्द थेट रविवारी दहालाच पुन्हा तोंडातून निघायचा आणि घोगरा निघायचा. लेक म्हणायची, “घसा बसलाय का?” काका म्हणायचे, “हो, जरा.” आणि दोन-चार रविवारांआड, विषय निघो न निघो, ती तेच म्हणायची, “मनाला लावून घेऊ नका हं. तुमची काही चूक नाही.” काका ऐकून घ्यायचे. कित्येकदा ओठांवर आलं होतं. पण सांगितलं आणि रविवारचा फोनही बंद झाला तर? मग उरलं काय? तेवढ्या भीतीनं ते गप्प बसायचे.

आणि आता पुन्हा तो गुरुवार आला होता.

काकांनी स्पंज मांडला. त्यावर फोन उभा केला. हंडी पालथी घालून कडेवर अंगठ्यानं दाबली, पंप सुरू केला. पंपाची घरघर सुरू झाली तशी पोरं बाकांवरून पुढं झुकली. काका काटा बघत राहिले. काटा खाली बसला तेव्हा त्यांनी झडप फिरवली, पंप बंद केला आणि दोन पावलं मागं सरून भिंतीला टेकले.

“आता सगळे गप्प,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःचा फोन काढला. “हा मी काकांना लावतेय.”

स्क्रीन उजळला. ‘मॅडम फिजिक्स’ अशी अक्षरं हंडीत चमकू लागली. आवाज नाही. टाळ्या पडल्या. काका समोरच्या कपाटाच्या कडीकडे बघत होते.

“आता मला सांगा,” मॅडम रंगात आल्या, “आत हवा नाही. मग हा फोन पोचला कसा? कशातून गेला?”

“सिग्नलमधून,” कुणीतरी ओरडलं. वर्ग हसला.

“अरे, सिग्नल कशातून गेला? पाण्याची लाट पाण्यातून जाते. आवाज हवेतून जातो. मग ही लाट कशाची? हाच प्रश्न पूर्वी भल्याभल्यांना पडला होता. लाट म्हटली की काहीतरी हलायलाच हवं, असं त्यांना वाटायचं. म्हणून ते धरून चालले, की सगळ्या विश्वात एक न दिसणारं माध्यम ठासून भरलेलं आहे. त्याला नावही दिलं, ईथर. मग ते शोधायला निघाले. अतिशय नाजूक उपकरणं केली, पुन्हा पुन्हा मोजलं. आणि सापडलं काय? काही नाही! ईथर नव्हतंच. विजेचं क्षेत्र बदललं की चुंबकाचं तयार होतं, ते बदललं की पुन्हा विजेचं. दोघं एकमेकांना उठवत पुढं पुढं जातात. त्यांना तिसऱ्या कुणाची गरज नाही.”

“म्हणजे सूर्याचा उजेडही काही न धरता येतो?” पहिल्या बाकावरच्या चष्मेवाल्या मुलीनं विचारलं.

“काही न धरता.”

“इतक्या लांबून? एकटाच?”

“एकटाच,” मॅडम हसल्या. “सव्वाआठ मिनिटांत.”

ती मुलगी पुढं आली. अशी एखादी प्रत्येक वर्गात असते, जिचं समाधान लवकर होत नाही. तिनं हंडीला नाक लावलं, मॅडमना पुन्हा फोन करायला लावला, उजळलेला स्क्रीन निरखून बघितला आणि काकांकडे वळली.

“काका, समजा तुम्ही इथं उभे आहात आणि हा तुमचा खराच फोन आला. तर?”

“तर काय?” काका म्हणाले.

“नाही, म्हणजे ऐकू येणार नाही, बरोबर. पण तुम्हाला कळणारच ना? दिसतंय की ढळढळीत. मग ‘ऐकू आला नाही’ असं तुम्हाला म्हणताच येणार नाही!”

सगळे हसले. तिनं आपलं सहज, चेष्टेत म्हटलं होतं. मॅडमही हसल्या, म्हणाल्या, “अगदी बरोबर. काकांना बहाणा नाही.” काकांनी भिंतीवरची पाठ काढली. ते पुढं आले. त्यांनी झडपेवर हात ठेवला.

“काका, अजून पाच मिनिटं आहेत,” मॅडम म्हणाल्या.

“नाही मॅडम,” काका म्हणाले. “आता काढतो.”

एकतीस वर्षांतलं त्यांचं हे पहिलं ‘नाही’. मॅडमनी चमकून त्यांच्याकडे बघितलं आणि बाजूला झाल्या. काकांनी झडप उघडली. घाई केली नाही. हवा सुस्कारत आत शिरली, काटा चढला, ग्रीस सुटलं. त्यांनी हंडी उचलून लाकडी खाचेत ठेवली, फोन खिशात घातला आणि कुणाला काही न सांगता सामानाच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. दोन्ही बाजूंना रिकाम्या खोक्यांची चळत होती. मधल्या स्टुलावर ते बसले आणि त्यांनी लेकीला फोन लावला.

“बाबा? काय झालं? आज गुरुवार ना?”

“काही झालं नाही. कामात आहेस?”

“आहे, पण बोला ना. तब्येत बरी आहे?”

“बरी आहे. तुझ्या आईच्या फोनबद्दल सांगायचं होतं. त्या दिवशीच्या.”

“बाबा, पुन्हा तेच? किती वेळा सांगितलं, तुमची काही—”

“थांब. मधे बोलू नकोस. मला एकदा बोलू दे.” आणि त्यांनी सांगितलं. हंडीचं सांगितलं, दर वर्षीच्या गुरुवारचं सांगितलं, केस विंचरून घड्याळासमोर बसण्याचं सांगितलं. बोलता बोलता ते त्या सकाळपाशी आले. “ऐकू आला नाही म्हणालो ना तुला? ते खरं आहे. पण दिसला होता गं. मी समोरच उभा होतो.”

पलीकडे मागं कुणीतरी बोलत होतं, कुठंतरी दार लागलं. मग लेक कुठंतरी शांत जागी गेली असावी.

“पंप चालू होता म्हणालात.”

“पंप बंद होता. आधीच बंद करतात.”

“दोन्ही वेळा दिसला?”

“दोन्ही वेळा.”

“नाव दिसलं?”

“दिसलं.”

“मग काय केलंत तुम्ही?”

काकांना इथं काहीतरी मऊ सांगता आलं असतं. गोंधळलो, सुचलं नाही, सर शिकवत होते. सगळं सुचलं त्यांना.

“हसलो,” ते म्हणाले. “पोरांना म्हटलं, आमच्या घरच्यांना आज दुप्पट हुक्की आलीय. वाटलं, बरं वाटतंय तिला. मजा करतेय.”

लेकीनं अगदी हिशेबी, कोरड्या आवाजात विचारलं, “ते उघडायला किती वेळ लागतो?”

“दीड मिनिट.”

“दीड मिनिट,” ती म्हणाली. “बाबा, वर्षभर मी तुम्हाला सांगत आलेय, तुमची चूक नाही म्हणून. आणि तुम्ही ऐकून घेत होतात.”

“हो.”

“दर वेळी.”

“हो. तू फोन करायची थांबशील, या भीतीनं.”

“ठेवते,” ती म्हणाली.

काका स्टुलावर बसून राहिले. त्यांना वाटलं होतं, एकदा सांगून टाकलं की हलकं वाटेल. लोक म्हणतात तसं. कसलं हलकं अन् कसलं काय! मग मॅडमनी दारावर टकटक केली, “काका, बरं आहे ना सगळं?” आणि काका “बरं” म्हणून उठले, कारण साडेबाराची तुकडी बाहेर उभी होती. फोन त्यांनी पुन्हा हंडीत ठेवला. काम होतं, केलं.

त्या रविवारी दहाला फोन आला नाही. काकांनी नऊपासूनच चहा उरकून टेबल पुसून ठेवलं होतं. साडेदहा झाले, अकरा झाले. बारा वाजता त्यांनी कपडे धुवायला घेतले, ओले हात पुसून चारदा येऊन बघून गेले.

दुसऱ्या रविवारीही नाही. साडेअकराच्या सुमारास ते शेजारीणबाईंच्या दारात जाऊन उभे राहिले.

“जरा माझ्या फोनवर फोन करून बघता? बिघडलाय की काय, शंका येतेय.”

बाईंनी लावला. काकांच्या हातात तो तीन घरांत ऐकू जाईल असा खणखणला.

“वाजतोय की छान,” बाई म्हणाल्या.

“हो. वाजतोय,” काका म्हणाले. “त्रास दिला तुम्हाला.”

बाई काही क्षण त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांना काही विचारायचं असावं, पण काका वळून आपल्या दारात शिरले होते. त्या दिवशी त्यांनी जेवण केलंच नाही. भूक लागली नाही की लक्षात राहिलं नाही, त्यांनाच सांगता आलं नसतं. स्वतः फोन करायचं मनात येई, पण कुठल्या तोंडानं करणार? ठेवते म्हणाली होती, आणि तिला तो हक्क होता. एवढं मात्र त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं, की मागं घेणार नाही. खोटं बोलून रविवार परत मिळत असला तरी नाही.

तिसरा रविवार गेला. चौथ्या रविवारी त्यांनी टेबल पुसलं नाही. खिडकीशी बसून शर्टाचं बटण शिवत होते. दहा वाजून गेले होते, सव्वादहा झाले असतील. फोन वाजला.

काकांनी इतक्या घाईनं उचलला की सुई बोटात गेली.

“हॅलो?”

उत्तर नाही. फोन लागलेला होता. पलीकडे नळ चालू होता. एक भांडं ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला, मग दुसरं. नळ बंद झाला. खुर्ची ओढली गेली. कुणीतरी नाक ओढलं आणि काकांना कळलं की लेकीला सर्दी झाली आहे. लहानपणापासून तिला या दिवसांत व्हायचीच. औषध घेतलंस का, असं त्यांच्या अगदी जिभेवर आलं. पण ते बोलले नाहीत. एक शब्द जरी चुकीचा पडला तर ती ठेवून देईल, असं त्यांना वाटलं. दोन मिनिटं गेली असतील, पाच गेली असतील. ती बोलली नाही आणि तिनं ठेवलाही नाही. तिच्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं, आणि तिचा जड श्वास.

बाहेर शेजारीणबाईंनी दार वाजवलं. “काका, आहात ना घरात?” त्यांनी पुन्हा वाजवलं, जरा जोरानं. काका जागचे हलले नाहीत. बोटातलं रक्त शर्टावर पडू नये म्हणून त्यांनी ते बोट वर धरलं होतं. फोन दाबून दाबून दुखायला लागलेल्या कानावरून दुसऱ्या कानावर घेतला आणि ते ऐकत राहिले.